पत्ता विचारला की मीटर पळतो : वापरावर बिल लावणाऱ्या डीएनएस होस्टिंगचा ११ महिन्यांचा अनुभव

आधीच सांगतो, कंपनीचं नाव लिहीत नाहीये. उगाच वाद नकोत, आणि खरं तर जिथे जिथे डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिच्या सर्व्हरचा पत्ता सांगणारी सेवा) मीटरवर विकतात तिथे थोड्याफार फरकाने हेच होणार. परदेशातली आहे आणि प्रीपेड आहे, एवढं पुरे.

मी सांगलीत बसून छोट्या छोट्या गिऱ्हाइकांच्या वेबसाइट सांभाळतो. एकूण १४ डोमेन, त्यात देवगडचे एक आंबा बागायतदार काका, एका क्लासवाल्या सरांची साइट, दोन डॉक्टर, एक फर्निचरवाला, बाकी अशीच किरकोळ. आधी सगळ्यांचं डीएनएस ठरलेल्या वार्षिक पॅकेजवर होतं आणि मला वाटायचं की वर्षभरात चार माणसं येतात त्या फर्निचरवाल्याच्या साइटचे आणि आंब्याच्या साइटचे सारखेच पैसे का भरायचे. म्हणून मागच्या फेब्रुवारीत इकडे आलो. डोमेनमागे महिन्याला ३० सेंट आणि दर १० लाख क्वेरींना (पत्त्याच्या चौकशांना) ६० सेंट, वॉलेटमध्ये किमान १० डॉलर भरायचे, त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. तुलनेसाठी, ॲमेझॉनच्या रूट ५३ या डीएनएस सेवेचा जाहीर दर झोनमागे (म्हणजे डोमेनमागे) महिना ५० सेंट आणि १० लाख क्वेरींना ४० सेंट आहे, आणि क्लाउडफ्लेअर तर साधं डीएनएस फुकटच देतं, क्वेरी मोजतसुद्धा नाही. मग फुकट सोडून इकडे का, तर सेकंडरी डीएनएस (दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेली त्याच नोंदींची जोड प्रत) सरळ लावता येत होतं, एपीआय (प्रोग्रॅममधून बदल करायची सोय) चांगला होता, आणि सगळी अंडी त्याच एका टोपलीत ठेवायची नव्हती जिच्यात अर्ध्या जगाने ठेवलीयेत. २१ ऑक्टोबर २०१६ ला डाइन (Dyn) नावाच्या डीएनएस कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, स्पॉटिफाय सगळं एकदम झोपलं होतं, ते अजून लक्षात आहे.

आता क्वेरी म्हणजे काय ते थोडक्यात, ज्यांना माहितीये त्यांनी पुढे जा. कुणी साइट उघडली की त्याच्या इंटरनेट कंपनीचा रिझॉल्व्हर (पत्ते शोधून देणारा सर्व्हर) आपल्या नेमसर्व्हरला (आपल्या डोमेनचे पत्ते सांगणाऱ्या सर्व्हरला) विचारतो, या नावाचा आयपी, म्हणजे आकडी पत्ता, काय. उत्तर मिळालं की तो ते टीटीएलमध्ये लिहिलेल्या सेकंदांपुरतं लक्षात ठेवतो, तोवर परत विचारत नाही. म्हणजे बिल साइटवर किती लोक आले याचं नसतं, रिझॉल्व्हर किती वेळा विसरला याचं असतं. हे मला पुस्तकातून माहीत होतं, खिशातून कळायला एप्रिल उजाडला.

पहिले दोन महिने मजेत गेले. महिन्याला २० लाखांच्या आसपास क्वेरी, म्हणजे १ डॉलर २० सेंट, अधिक डोमेनचे ४ डॉलर २० सेंट. जीएसटी आणि कार्डवाल्यांचा परकीय चलनाचा चार्ज धरून साडेपाचशे रुपयांच्या आत-बाहेर. जुन्या पॅकेजच्या निम्म्याहून कमी. मी खुश.

मार्चमध्ये काकांची साइट नवीन सर्व्हरवर हलवली. हलवताना टीटीएल ६० सेकंदांवर आणायचा असतो, म्हणजे नवा पत्ता पटकन पसरतो, आणि काम झालं की परत वर न्यायचा असतो. मी नेला नाही. विसरलो. एप्रिलमध्ये हापूसच्या ऑर्डरी सुरू झाल्या, व्हॉट्सॲपवर लिंक फिरायला लागली, आणि एरवी दिवसाला १२ हजार क्वेरी येणाऱ्या डोमेनवर २ लाख यायला लागल्या. महिन्याचे ६० लाख. पैशात बघितलं तर साडेतीन डॉलरच्या आसपास, फार काही नाही, तीनशे रुपये, पण एका डोमेनने बाकी तेरांच्या बिलाचं तोंड फिरवलं होतं. काकांना सांगितलं की यंदा थोडे जास्त लागले, लोकांनी पत्ता फार वेळा विचारला, तर ते म्हणाले, "म्हणजे आमचा घर खंय म्हणान कोणी इचारल्यान तरी पैशे?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाहीये. पैसे मीच सोसले, चूक माझी होती.

मग टीटीएल तासावर नेला आणि वाटलं आता बसेल खाली. बसला, पण हवा तेवढा नाही. इथून पुढचं जरा किचकट आहे पण याच्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं. ब्राउझर फक्त एक प्रश्न विचारत नाही. आयपीव्ही४ चा (जुन्या पद्धतीचा) पत्ता विचारतो, आयपीव्ही६ चा (नव्या पद्धतीचा) वेगळा विचारतो, आणि आयफोन २०२० च्या आयओएस १४ पासून एचटीटीपीएस रेकॉर्ड (साइटशी जोडणी कशी करायची ते सांगणारी नोंद) म्हणून तिसरंही विचारतो. माझ्याकडे फक्त पहिलं होतं. बाकी दोघांना उत्तर जातं "असं काही नाही", आणि या "नाही"चंसुद्धा बिल लागतं. बरं, "नाही" हे उत्तर रिझॉल्व्हरने किती वेळ लक्षात ठेवायचं ते माझ्या टीटीएलवर ठरतच नाही, ते एसओए रेकॉर्डमधल्या (डोमेनच्या मूळ माहितीच्या नोंदीतल्या) शेवटच्या आकड्यावर ठरतं, १९९८ पासून तसा नियमच आहे. आणि या कंपनीत तो आकडा ६० सेकंद आहे आणि गिऱ्हाइकाला बदलता येत नाही! म्हणजे मी माझ्याकडचा नळ कितीही घट्ट पिळला तरी दुसरा नळ त्यांच्या हातात, थोडा उघडा ठेवलेला, आणि मीटर दोन्हीचा एकच. मुद्दाम केलंय असं मी म्हणत नाही, नवीन रेकॉर्ड लवकर दिसावं म्हणून हा आकडा लोक लहान ठेवतात, पण क्वेरीवर पैसे घेणाऱ्याने तरी तो गिऱ्हाइकाच्या हातात द्यायला पाहिजे की नको? सपोर्टला विचारलं तर "विचाराधीन आहे". जूनपासून विचाराधीनच आहे.

यावर मी उपाय काढला तो असा, की सर्व्हरला आयपीव्ही६ होतंच, फुकट मिळालेलं, वापरत नव्हतो. त्याची रेकॉर्ड टाकली, टीटीएल तास. मग "नाही"च्या जागी "हे घे" असं उत्तर जायला लागलं आणि तासभर शांतता. काकांच्या डोमेनवर लगेच फरक दिसला.

दुसरा शोध जास्त लाजिरवाणा. साइट चालू आहे का हे बघायला मी एक मॉनिटर लावलाय, तीन ठिकाणांहून दर ५ मिनिटांनी १४ डोमेन तपासतो, प्रत्येक वेळी दोन प्रश्न. गुणाकार करून बघितला तर महिन्याला सव्वासात लाख. म्हणजे २० लाखांतले सव्वासात लाख प्रश्न मीच विचारत होतो, सगळ्यात मोठं गिऱ्हाईक मीच, स्वतःच्या दाराची बेल स्वतःच वाजवून बघायची आणि दर वेळी पैसे द्यायचे. आता अर्ध्या तासाने तपासतो.

आता मुख्य प्रकरण. जूनमध्ये, दहावीचा निकाल लागून ॲडमिशनची गडबड चालू असताना, रात्री दीडच्या सुमारास क्लासवाल्या सरांच्या डोमेनवर कुणीतरी अस्तित्वात नसलेल्या नावांचा मारा सुरू केला. डोमेनच्या पुढे कसलीही आठ-दहा अक्षरं जोडायची आणि विचारायचं, प्रत्येक वेळी वेगळी अक्षरं. नाव दर वेळी नवीन असल्यामुळे रिझॉल्व्हरच्या लक्षात ठेवण्याचा काही उपयोग नाही, प्रत्येक प्रश्न थेट नेमसर्व्हरवर येतो. सेकंदाला पावणेतीन हजारांच्या आसपास. तासाला एक कोटी, म्हणजे तासाला ६ डॉलर. वॉलेटमध्ये ११ डॉलर होते, ते तीन-वीसपर्यंत संपले. आणि वॉलेट संपलं की सरांचं एकट्याचं नाही, सगळ्या १४ डोमेनचं डीएनएस बंद. साइट गेल्याच, मेलसुद्धा गेले, कारण मेल कुठे द्यायचा हेही डीएनएसच सांगतं.

कंपनीने इशारा पाठवला होता, नाही असं नाही. "तुमच्याकडे २ डॉलर उरलेत" हा मेल रात्री ३ वाजता आला. मी झोपलो होतो. "शिल्लक शून्य" हा मेल आला सकाळी ७:४८ ला, कारण मी रजिस्टर केलेला मेल माझ्याच डोमेनवरचा आणि ते डोमेन याच कंपनीत, त्यामुळे डीएनएस बंद आहे हे सांगणारा मेल डीएनएस बंद असल्यामुळे बाहेर ताटकळत बसला होता. मी ७:४० ला १० डॉलर भरले तेव्हा कुठे तो आत आला. मला तर सरांच्या फोनने जाग आली, "अहो, पालकांचे मेल परत जातायत म्हणे, बघा जरा".

भरलेले १० डॉलरही सव्वानऊपर्यंत गेले, कारण मारा चालूच होता आणि ते माझ्या चहा पिता पिता लक्षात आलं नाही. तिसऱ्यांदा भरले आणि आधी सरांचं झोन काढून टाकलं, तेव्हा बाकीचे तेरा वाचले. सरांचं डोमेन फुकटवाल्या ठिकाणी हलवलं. पण ते डॉट कॉम आहे, आणि डॉट कॉमकडून नेमसर्व्हरची जी माहिती मिळते तिचा टीटीएल १,७२,८०० सेकंद असतो, पूर्ण दोन दिवस. तोवर काही रिझॉल्व्हर जुन्याच ठिकाणी जाऊन दार ठोठावत राहतात. जुनं झोन ठेवलं तर तिथे मीटर पळतो, काढलं तर त्या लोकांना साइट दिसत नाही. निघून जायलासुद्धा भाडं आहे म्हणा ना. मी काढलं ते काढलंच, आणि सरांना दोन दिवस अर्धवट मेल मिळाले. सर भले माणूस, पण त्या दोन दिवसांत त्यांनी मला "आपण" म्हणायला सुरुवात केली यावरून काय ते समजा.

सपोर्टचं उत्तर ३१ तासांनी आलं. क्वेरी खऱ्या होत्या, आमच्या सर्व्हरने उत्तरं दिली, त्यामुळे आकारणी बरोबर आहे. मी ग्राफ जोडून परत लिहिलं की दिवसाला ६५-७० हजार क्वेरीवाल्या खात्यावर दोन तासांत दोन कोटींच्या जवळ येतात तेव्हा तुमच्याकडे कुणाच्याच भुवया उंचावत नाहीत का. त्यावर २१ पैकी १२ डॉलर वॉलेटमध्ये परत दिले, "सदिच्छा म्हणून". घेतले. पण सदिच्छा नको होती हो, डोमेनमागे एक मर्यादा घालायची सोय हवी होती, की हे डोमेन दिवसाला इतक्यावर गेलं तर फक्त हेच थांबव आणि मला फोनवर मेसेज टाक. ती आजही नाही.

याबाबत प्रीपेड बरं की पोस्टपेड यावर आमच्या इथल्या दोघातिघांशी बोलणं झालं. एकाचं म्हणणं की पोस्टपेड असतं तर साइट चालू राहिल्या असत्या. राहिल्या असत्या, आणि मारा तीन दिवस चालला असता तर चारशे डॉलरच्या वरचं बिल हातात. प्रीपेडमध्ये साइट मरते, पोस्टपेडमध्ये मी. ऑटो रिचार्ज माझ्या कार्डाला चाललंच नाही, १ ऑक्टोबर २०२१ पासून ई-मॅन्डेट (आपोआप पैसे कापायला बँकेकडे आधी नोंदवलेली परवानगी) नोंदवल्याशिवाय आपोआप पैसे कापता येत नाहीत आणि यांच्याकडे ती सोयच नाही. त्या रात्री ते चालू असतं तर काय झालं असतं याचा विचार केला की रिझर्व्ह बँकेबद्दल प्रेम वाटतं.

मीटर खोटं आहे का, हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला. महावितरणचं मीटर निदान जिन्याखाली जाऊन बघता येतं, इथे मोजणाराही तोच आणि बिल लावणाराही तोच. म्हणून ऑक्टोबरमध्ये काकांचं डोमेन आठवडाभर माझ्या स्वतःच्या सर्व्हरवर ठेवून मोजलं. माझ्याकडे ८१ हजार आल्या, त्याच्या आधीच्या आठवड्यात कंपनीने ८४ हजार लावल्या होत्या. एवढा फरक आठवड्याआठवड्यात असतोच. म्हणजे मोजणी प्रामाणिक आहे, हे कबूल करायला पाहिजे. नेमसर्व्हरही ११ महिन्यांत स्वतःहून एकदा बंद पडले नाहीत, उत्तरं पटापट येतात, एपीआयने तर एकदाही रडवलं नाही.

सध्या ९ डोमेन इथे आहेत. ज्यांच्यावर मेल आणि पैसे अवलंबून आहेत अशी पाच बाहेर काढली. इशाऱ्याचा मेल जीमेलवर नेला, ज्यांना इथे यायचंय त्यांनी हे पहिल्या दिवशी करा, बाकी काही नाही केलं तरी चालेल. कमी वर्दळीची चार-पाच डोमेन असतील आणि रात्री उठून बघायची तयारी असेल तर स्वस्त आहे, गिऱ्हाइकांना वार्षिक ठोक रक्कम सांगून बसला असाल तर येऊ नका, कारण गिऱ्हाईक ठोक देतं आणि मीटर किरकोळीत पळतो, मधला फरक आपला. पाचपैकी तीन स्टार, मर्यादेची सोय दिली तर चार.

काकांचं डोमेन मात्र अजून इथेच आहे. काल त्यांचा फोन आला होता, पेट्या छापायला टाकल्यात, यंदा प्रत्येक पेटीवर क्यूआर कोड आहे म्हणे. वॉलेटमध्ये ७ डॉलर ४० सेंट आहेत, आज अजून १० टाकतोय.