फोंग न्हाच्या गुहा: फोटो एका गुहेचा, पैसे दुसरीचे

सोन डूंग गुहेच्या कोसळलेल्या छताचं प्रचंड भगदाड, त्यातून उतरणारा उन्हाचा झोत आणि त्या झोतात उभा असलेला इवलासा माणूस. व्हिएतनामच्या सहलींच्या जाहिरातींत हा फोटो सर्रास दिसतो. त्याखाली विकली जाणारी सहल मात्र बहुतेक वेळा त्या गुहेच्या आसपासही जात नाही. फोंग न्हा-के बांग राष्ट्रीय उद्यानात पर्यटकांचे सर्वात जास्त पैसे बुडतात ते या एका गोंधळात. उद्यानाचं नाव, त्यातल्या एका गुहेचं नाव आणि गावाचं नाव, तिन्ही 'फोंग न्हा'च. त्यामुळे 'फोंग न्हा टूर' एवढं म्हणून विकणारा काय विकतोय हे पैसे देईपर्यंत कळत नाही, आणि दिल्यावर कळून उपयोग नसतो.

म्हणून आधी गुहा वेगळ्या करून घ्या. फोंग न्हा ही नदीतून बोटीने आत जायची गुहा. तिची लांबी पावणेआठ किलोमीटरच्या आसपास आहे, पण साध्या तिकिटावर दीड किलोमीटरपर्यंतच नेतात. तिच्याच डोक्यावर डोंगरात तिएन सोन ही कोरडी गुहा. पॅराडाइज म्हणजे थिएन डुओंग ही ३१ किलोमीटर लांब, साध्या तिकिटावर लाकडी वाटेवरून पहिला एक किलोमीटर. डार्क केव्ह म्हणजे हांग तोइ, तिथे झिपलाइन आणि चिखलात डुंबणं. या चारही ठिकाणी रोजच्या रोज तिकीट मिळतं. हांग एन आणि सोन डूंग मात्र मुक्कामी पदभ्रमणाच्या गुहा आहेत, त्यांना तिकीट खिडकीच नाही.

सोन डूंगच्या नावावरची फसवणूक सगळ्यात महाग पडते. या गुहेत पर्यटक नेण्याचा परवाना ऑक्सालिस ॲडव्हेंचर या एकाच कंपनीकडे आहे. वर्षाला साधारण हजार माणसं, एका तुकडीत जास्तीत जास्त दहा, गुहेची मोहीम चार दिवस तीन रात्रींची, खर्च माणशी सुमारे ३,००० अमेरिकी डॉलर. जागा कितीतरी महिने आधी भरतात. कोणी जागा रद्द केली की ती अधूनमधून खुली होते, आणि ठग नेमकं हेच धरतात. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर मूळ कंपनीच्या नावात एखादं अक्षर बदललेलं पान, खरे चोरलेले फोटो, आणि निरोप असा: पुढच्या महिन्यात दोन जागा रिकाम्या झाल्यात, १,८०० डॉलरमध्ये देतो, पण आज रात्रीपर्यंत पैसे हवेत. पैसे मागतात ते कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर, वेस्टर्न युनियनने किंवा क्रिप्टोमध्ये. बदल्यात शिक्का मारलेली, दिसायला नीटनेटकी पीडीएफ येते. डाँग होई या जवळच्या शहराच्या विमानतळावर उतरल्यावर न्यायला कोणी येत नाही आणि फोन बंद लागतो, तेव्हा उलगडा होतो.

हे ओळखायला फार तंत्र लागत नाही. या मोहिमेत सुमारे पंचवीस किलोमीटरची चाल आहे, त्यातला मोठा भाग जंगलातला. पहिली रात्र हांग एन गुहेत. सोन डूंगचं तोंड येतं ते दुसऱ्या दिवशी, आणि तिथे दोराच्या साहाय्याने जवळपास ८० मीटर खाली उतरावं लागतं. पुढे शेवटाकडे ९० मीटरची चुनखडीची भिंत चढायची असते. अशा वाटेवर नेणारा माणूस वय विचारल्याशिवाय, आजार आणि औषधं विचारल्याशिवाय, याआधी किती चाललायत हे विचारल्याशिवाय जागा देऊच शकत नाही. खरी नोंदणी लांबलचक प्रश्नावलीने सुरू होते आणि अनेकांना नकारही मिळतो. जो फक्त पासपोर्टचा फोटो आणि पैसे मागतो, त्याच्याकडे जागा नाही, एवढं नक्की समजा. 'एका दिवसात सोन डूंग' हे अशक्य आहे. 'मुलांसह सोन डूंग' हेही खोटं, कारण अठरा वर्षांखालच्यांना घेतच नाहीत. तारीखही बघा. मोहिमा जानेवारी ते ऑगस्ट चालतात, पुढे पुरामुळे बंद असतात. दिवाळीच्या सुट्टीतली सोन डूंगची जागा कोणी देत असेल तर पुढे बोलूच नका.

एजंटामार्फत जायचंच असेल तर नोंदणी क्रमांक मागून घ्या आणि तो घेऊन कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या पत्त्यावर स्वतः ईमेल करा. एजंटाने दिलेल्या पत्त्यावर किंवा व्हॉट्सॲप क्रमांकावर विचारण्यात काहीच अर्थ नाही, पलीकडे तोच बसलेला असतो. पैसे क्रेडिट कार्डानेच द्या, म्हणजे सेवा मिळाली नाही तर बँकेकडे व्यवहारावर हरकत घेता येते. भारतातून पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि बँकेला लेखी कळवा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते, नंतर ती झपाट्याने कमी होते. त्या पानावरचे संवाद, खाते क्रमांक आणि पीडीएफ पुसू नका. लाजेपोटी सगळं डिलीट करणारे लोक स्वतःच्याच तक्रारीतला पुरावा घालवतात.

दुसरी फसवणूक छोट्या रकमेची, पण दिवस वाया घालवणारी. ह्युए या शहरातून 'फोंग न्हा एक दिवस' नावाची सहल विकतात. अंतर एका बाजूने दोनशे किलोमीटरहून जास्त, म्हणजे जायला चार तास आणि यायला चार. सकाळी सातला निघालेली गाडी वाटेत थांबत दुपारच्या सुमारास पोचते, जेवण उरकतं, आणि गुहेसाठी दोन-अडीच तास उरतात. कागदावर दोन गुहा लिहिलेल्या असल्या तरी प्रत्यक्षात एकच होते. कारण पावसाचं किंवा गर्दीचं सांगतात, पण हिशेब मुळातच जुळत नसतो. दा नांगहून तर हा विचारही करू नये, तिथून अंतर तीनशे किलोमीटरच्या घरात जातं. डाँग होईला किंवा फोंग न्हा गावात किमान दोन रात्री राहणं हाच योग्य मार्ग. तरीही दिवसाची सहल घ्यायची असेल तर गुहेचं नेमकं नाव, प्रवेश तिकीट धरलंय की नाही, आणि गुहेच्या दारात किती वाजता पोचणार, या तीन गोष्टी पावतीवर लिहून घ्या. तोंडी हो म्हणणारा विक्रेता लिहून द्यायला का कचरतो, यातच उत्तर असतं.

पोचतानाही सावध राहा. हनोईहून रात्रीची स्लीपर बस 'फोंग न्हा'ची म्हणून विकतात आणि पहाटे चारला डाँग होईच्या हायवेवर एखाद्या पेट्रोल पंपाशी उतरवतात. गाव तिथून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर आत आहे, आणि त्या वेळी उभी असलेली एकुलती टॅक्सी सांगेल तो दर. तिकीट घेताना उतरण्याचं ठिकाण म्हणून फोंग न्हा गावातल्या हॉटेलचं नाव लिहायला लावा. रेल्वेने जाणाऱ्यांनी स्टेशन नीट वाचावं. डाँग होई आणि डाँग हा ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, त्यांच्यात शंभरएक किलोमीटरचं अंतर आहे. शिवाय १ जुलै २०२५ पासून क्वांग बिन्ह प्रांत क्वांग त्रीमध्ये विलीन झालाय, त्यामुळे पत्त्यात आता उद्यानही क्वांग त्रीत दिसतं. क्वांग त्री वाचून दक्षिणेला डाँग हाला उतरलात तर तिथून पुढचा टॅक्सीवाला दर सांगताना दयामाया दाखवणार नाही.

फोंग न्हा गुहेच्या बोटीचा हिशेब पुष्कळांना उमगत नाही. इथे दोन वेगळे पैसे असतात. प्रवेश तिकीट माणशी, पण बोटीचं भाडं अख्ख्या बोटीचं, आणि एका बोटीत बारा माणसं बसू शकतात. समजा बोटीचं भाडं साडेपाच लाख डाँग (व्हिएतनामचं चलन) आहे. बारा जण असतील तर प्रत्येकी सेहेचाळीस हजारही पडत नाही, दोघेच गेले तर पावणेतीन लाख. धक्क्याबाहेर घुटमळणारा मध्यस्थ हा आकडा माणशी सांगतो. खिडकीवर जा, दरफलक बघा, आणि सकाळी थोडा वेळ थांबून इतर पर्यटकांबरोबर बोट वाटून घ्या. तसं करायला कोणाची हरकत नसते. तिएन सोनही बघायची असेल तर ते आधीच सांगा, तिचं तिकीट आणि बोटीचा दर वेगळा असतो. नदीच्या मधोमध तो विषय निघाला की घासाघीस करायची जागाच उरत नाही.

पॅराडाइजला फसवणूक कमी, गैरसमज जास्त. प्रवेश अलीकडे अडीच लाख डाँग आहे. दारापासून पायऱ्यांच्या पायथ्यापर्यंत दीडेक किलोमीटर सावलीचा सपाट रस्ता आहे. तिथल्या बॅटरीच्या गाडीचं भाडं गाडीमागे असतं, ते एकेरी की जाऊन-येऊन हे बसण्याआधी विचारा. त्या गाडीने पुढच्या पाचशेहून जास्त पायऱ्या वाचत नाहीत, त्या पायीच. गुडघे दुखणाऱ्यांना 'गाडी थेट गुहेपर्यंत जाते' असं सांगून आणणारे ड्रायव्हर सरळ खोटं बोलतात. आणि सात किलोमीटर आतपर्यंत नेणारी सहल वेगळी आहे, तिला गाइड आणि आगाऊ नोंदणी लागते. साध्या तिकिटाला 'सात किलोमीटरवालं' म्हणून जास्त पैसे मोजू नका.

नोटांकडे लक्ष द्या. वीस हजारांची आणि पाच लाखांची नोट, दोन्ही निळसर, दोन्ही प्लास्टिकच्या, दोन्हींवर हो चि मिन्ह यांचा चेहरा. घाईत, अंधारात, ओल्या हातांनी पंचवीसपट पैसे हातातून जातात. पाच लाखांची नोट लांबीला दीड सेंटिमीटरने मोठी असते. मागच्या बाजूला तिच्यावर हो चि मिन्ह यांचं जन्मघर आहे, तर वीस हजारांच्या नोटेवर होई आनचा छप्पर असलेला पूल. तसंच दहा हजार आणि दोन लाख यांचे तांबूस रंग फसवतात. दोन लाखांवर हा लाँगचे समुद्रातले सुळके, दहा हजारांवर समुद्रातला तेलाचा फलाट. पाच लाख आणि दोन लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवल्या की हा प्रश्न मिटतो.

एका गोष्टीबद्दल मात्र कळकळीने सांगावंसं वाटतं, कारण तिथे फक्त पैसे जात नाहीत. 'कोणालाच माहीत नसलेली गुहा दाखवतो' म्हणत स्कूटरवरून नेणारे तरुण भेटतात, दर अगदी स्वस्त असतो. उद्यानाच्या संरक्षित भागात परवानगीशिवाय जाणं बेकायदा आहे. त्याहून गंभीर म्हणजे व्हिएतनाम युद्धाच्या काळात उत्तरेकडून रसद नेणारा हो चि मिन्ह मार्ग याच डोंगरांतून जात होता, इथे प्रचंड बॉम्बफेक झाली आणि न फुटलेले बॉम्ब अजून जमिनीत आहेत. रुळलेली वाट सोडणं म्हणजे जिवाशी खेळ. चुनखडीच्या गुहेत पाणीही अचानक चढतं. डोंगरापलीकडे पडलेल्या पावसाचं पाणी भेगांतून आत येतं, वर आभाळ निरभ्र असलं तरी. परवानाधारक गाइड रोज पाण्याची पातळी बघून निर्णय घेतो. स्कूटरवाल्याकडे ना दोर असतो, ना जादा दिवे, ना तुमचा विमा.

सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये जाणाऱ्यांसाठी शेवटचं. नदी चढली की फोंग न्हा गुहेच्या बोटी बंद होतात, कारण गुहेच्या तोंडाशी छत आणि पाण्यात अंतरच उरत नाही. मध्यस्थ अशा वेळी 'परतावा नाही' म्हणतो किंवा परस्पर तिएन सोनला नेऊन पूर्ण पैसे ठेवून घेतो. म्हणून या महिन्यांत या गुहेचं आगाऊ पॅकेज घेऊच नका. आदल्या संध्याकाळी हॉटेलमधून धक्क्यावरच्या कार्यालयात फोन लावायला सांगा, बोटी सुरू असल्याची खात्री करा आणि तिकीट सकाळी खिडकीवर काढा.