सिसेरोचा ‘कातो’ आणि सीझरचा ‘अँटिकातो’: हरवलेल्या दोन ग्रंथांची तुलना

इसवी सनपूर्व 46 मध्ये उत्तर आफ्रिकेतील युटिका येथे सीझरचा विरोधक असलेल्या रोमन राजकारणी धाकट्या कातोने यादवी युद्ध जिंकणाऱ्या सीझरची दया स्वीकारण्याऐवजी आत्महत्या केली, आणि त्याच वर्षी रोमन वक्ता सिसेरोने त्याच्यावर ‘कातो’ हा स्तुतिपर ग्रंथ लिहिला. सीझरने त्याला ‘अँटिकातो’ (म्हणजे कातोविरोधी) या दोन खंडांच्या ग्रंथाने उत्तर दिले. आज यांपैकी एकही ग्रंथ उपलब्ध नाही.

सिसेरोची अडचण मोठी होती, कारण कातोच्या राजकीय निष्ठेचे गुणगान केल्यावाचून स्तुती पूर्ण होत नव्हती आणि ते केल्यास सत्ताधारी सीझरचा रोष ओढवत होता. हे काम म्हणजे आर्किमिडीजला घालावे असे कोडे आहे, असे त्याने मित्र अ‍ॅटिकसला कळवले होते. सीझरला असे कोणतेही बंधन नव्हते. मात्र त्याने वादाचा रोख कातोच्या खासगी आयुष्याकडे वळवला. ग्रीक चरित्रकार प्लूटार्कच्या सांगण्यानुसार, कातोने भावाच्या चितेची राख सोन्यासाठी चाळली, तसेच पत्नी मार्शिया ही वक्ता हॉर्टेन्सियसला लग्नात देऊन ती धनवान विधवा झाल्यावर परत घेतली, असे आरोप त्यात होते. त्यातच कातो मद्यधुंद सापडल्याचा प्रसंगही होता. पण त्याला ओळखणारेच लाजले, जणू कातोनेच त्यांना पकडले होते, हे सीझरचे वर्णन रोमन लेखक धाकट्या प्लिनीने नोंदवले आहे, आणि माझ्या मते येथे निंदकाच्याच लेखणीतून आदर उमटतो.

तरीही सीझरने सिसेरोच्या वक्तृत्वाची प्रशंसाच केली. पुढे रोमन सम्राट टायबेरियसच्या काळात क्रेमुशियस कॉर्डस या इतिहासकारावर लिखाणासाठी खटला भरला गेला, तेव्हा ग्रंथाला ग्रंथानेच दिलेल्या या उत्तराचा दाखला त्याने बचावात दिल्याचे रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो.