दार बंद करायचं की निकाल लवकर लावायचा? अमेरिकेतल्या आश्रय-धोरणाचे दोन रस्ते

अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेली आपली मंडळी निवडणूक जवळ आली की हटकून विचारतात: बेकायदा स्थलांतर थांबवायचं तर खरा उपाय कोणता? सीमा आवळायची, की आश्रयाच्या, म्हणजे ‘मायदेशी जिवाला धोका आहे, इथे राहू द्या’ अशा अर्जांचे निकाल झटपट लावायचे? दोन्ही पक्षांची भाषणं सगळ्यांनी ऐकलेली आहेत, ती परत सांगत नाही. मला हा कौल मतदानाआधी स्वतःपुरता लावावा लागला. मी आश्रय मागणाऱ्यांसाठी हिंदीचा दुभाषा म्हणून काम करतो. बहुतेक वेळा वकिलांच्या ऑफिसात, अधूनमधून इमिग्रेशन कोर्टात. माझं मत त्या खुर्चीत बसून तयार झालंय. टेक्सासच्या सीमेवर घर असलेल्या माणसाला वेगळं वाटू शकतं, आणि त्याच्याकडेही त्याची सबळ कारणं असतील.

आधी एक गोष्ट बाजूला काढतो, कारण आपल्याकडे चर्चा तिथेच अडकते. ‘आम्ही नियमानं आलो, टॅक्स भरला, तरी ग्रीन कार्ड नाही, आणि हे लोक नदी ओलांडून येतात’ हा राग मला समजतो. त्या रांगेत मीही उभा होतो. पण नोकरीवर मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० आणि त्यात एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा. भारतीयांची रांग लांबली ती या दोन आकड्यांमुळे. दक्षिण सीमा उघडी असो वा बंद, ती रांग एका दिवसानंही हलत नाही. ती हलवायची असेल तर ती मागणी वेगळी करायला हवी.

आता पहिला रस्ता: अर्जदाराला आत येऊच द्यायचं नाही. २०१९ च्या जानेवारीत सुरू झालेली, अर्जदाराला सुनावणीपर्यंत मेक्सिकोतच थांबवणारी ‘रिमेन इन मेक्सिको’ योजना, साथीचं कारण देऊन लोकांना सीमेवरूनच परत पाठवणारं, २०२० च्या मार्चपासून मे २०२३ पर्यंत चाललेलं ‘टायटल ४२’, जून २०२४ मध्ये बायडन यांनी आश्रयावर घातलेली बंधनं आणि सीमेवर आश्रय बंद करणारी जानेवारी २०२५ ची ट्रम्प यांची घोषणा ही सगळी याच कुळातली. या रस्त्याची बाजू हलकी नाही. डिसेंबर २०२३ या एका महिन्यात दक्षिण सीमेवर अडीच लाखांच्या आसपास लोक बॉर्डर पेट्रोलच्या हाती लागले. २०२५ मध्ये तीच धरपकड कित्येक दशकांतल्या नीचांकावर आली. मधल्या काळात न्यूयॉर्कसारख्या शहरात दोन लाखांहून जास्त लोक निवारा मागत येऊन गेले. असा ताण सोसलेल्या शहरातला मतदार ‘आधी दार लावा’ म्हणाला तर त्याला निर्दय ठरवणं मला पटत नाही.

पण दार लावलं की अर्ज संपत नाहीत, ते दाराबाहेर साचतात. २०१९ मध्ये मेक्सिकोतल्या मातामोरोसला नदीकाठी तंबूंची वस्तीच उभी राहिली, आणि पलीकडे टेक्सासमधल्या ब्राउन्सव्हिलला तंबूतच कोर्टं भरली. मेक्सिकोच्या त्या पट्ट्यात अपहरण करणाऱ्या टोळ्यांचा सुळसुळाट. वकील तिकडे जायला धजावत नव्हते आणि अर्जदार तारखेला पोचेल याची खात्री नव्हती. ब्रिटननं आश्रय मागणाऱ्यांना आफ्रिकेतल्या रवांडात पाठवायचा घाट घातला तो याच विचारानं. एप्रिल २०२२ मध्ये घोषणा झाली, नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो बेकायदा ठरवला, जुलै २०२४ मध्ये नव्या सरकारनं गुंडाळला. खर्च झाला सुमारे ७० कोटी पौंड, आणि जी चार माणसं गेली ती स्वखुशीनं गेली.

दुसऱ्या रस्त्याला भाषणात टाळ्या मिळत नाहीत. आश्रय अधिकारी वाढवा, न्यायाधीश वाढवा, काही महिन्यांत निकाल द्या. ज्याला आश्रय मिळाला त्याला राहू द्या, ज्याला नाही त्याला लगेच परत पाठवा. फेब्रुवारी २०२४ मध्ये लँकफर्ड, मर्फी आणि सिनेमा या तीन सिनेटरांनी आणलेल्या विधेयकात यातलं बरंच होतं. सुमारे ४,३०० नवे आश्रय अधिकारी, आणि पहिला निकाल कोर्टाची वाट न पाहता त्यांनीच द्यायचा. सीमेवर येणाऱ्यांची रोजची सरासरी ५,००० वर गेली तर दार लावायची तरतूदही त्यातच होती. ते सिनेटमध्येच पडलं.

माझ्यापुरता प्रश्न सुटला तो एका गोष्टीनं: तारखा.

कोर्टाचं किंवा माणसाचं नाव सांगत नाही. दुभाषानं ते सांगायचं नसतं. पण प्रकार नेहमीचा आहे. सुनावणीच्या दिवशी अर्जदार इस्त्रीचा शर्ट घालून वेळेआधी हजर. हातात प्लास्टिकची फाइल, तिच्यात गावच्या पोलिसांकडे दिलेल्या तक्रारीची प्रत, दवाखान्याची चिठ्ठी, भावाचं प्रतिज्ञापत्र. वकील रात्री जागून तयारी करून आलेले. आणि कळतं, आज होणार नाही. न्यायाधीश बदलले, किंवा वेळापत्रक बदललं. नवी तारीख वर्षं उलटल्यावरची. त्या तारखेलाही हेच होऊ शकतं. २०२४ च्या अखेरीस इमिग्रेशन कोर्टांत ३५ लाखांहून जास्त प्रकरणं तुंबलेली होती आणि न्यायाधीश जेमतेम सातशे. दर न्यायाधीशामागे पाच हजार फाइली.

या विलंबाचा फायदा कोणाला, हे खुर्चीत बसून स्पष्ट दिसतं. ज्याची हकीकत बनावट आहे त्याला घाई नसते. अर्ज दाखल केल्यावर १८० दिवसांनी कामाचं परमिट मिळू शकतं. पुढची वर्षं तो कमावतो, कर्ज फेडतो, घरी पैसे पाठवतो. त्याला आश्रय नकोच होता, त्याला हवी होती ती वर्षंच, आणि ती त्याला आपणच दिली. इकडे ज्याच्यावर खरंच बेतलं होतं त्याची फाइल दर वर्षी कमजोर होत जाते. चिठ्ठीवरची शाई उडते. गावाकडचा साक्षीदार फोन उचलेनासा होतो. मुलं तिकडेच मोठी होतात. आणि स्वतःच्याच आठवणी पुसट होतात. मारहाण आधी झाली की दुकान आधी जाळलं, याचं उत्तर इतक्या वर्षांनी पहिल्या जबाबाशी तंतोतंत जुळेलच असं नाही. २००५ च्या रिअल आयडी कायद्यानुसार मुख्य मुद्द्याशी संबंध नसलेली विसंगतीसुद्धा न्यायाधीश अविश्वासाचं कारण म्हणून धरू शकतात. मी समोर बसून त्या उलटतपासणीचा शब्दन् शब्द भाषांतरित करतो. खऱ्या माणसाला शिक्षा आणि खोट्याला पगार, असं चालणारी व्यवस्था कोणत्याच पक्षाच्या मतदाराला नको असणार.

आता तर त्यात भर पडली आहे. जुलै २०२५ च्या कायद्यानं आश्रयाच्या अर्जाला १०० डॉलर फी लावली, आणि अर्ज पडून राहील त्या प्रत्येक वर्षाचे आणखी १०० डॉलर. उशीर सरकारचा, भुर्दंड अर्जदाराला. त्याच कायद्यात कोठड्यांसाठी ४५ अब्ज डॉलर आहेत, आणि इमिग्रेशन न्यायाधीशांची संख्या नोव्हेंबर २०२८ पासून ८०० वर बांधून टाकली आहे. खोळंबा कुठे आहे आणि पैसा कुठे चाललाय, हे पाहून मला खरंच वाईट वाटतं.

लवकर निकाल हा स्वप्नाळू उपाय आहे असं म्हणणाऱ्यांना मी १९९५ ची आठवण देतो. तेव्हाही कामाच्या परमिटसाठी आश्रयाचे अर्ज धडाधड येत होते. त्या वर्षी क्लिंटन सरकारनं अर्ज करताच परमिट देणं बंद केलं, अधिकारी आणि न्यायाधीश जवळपास दुप्पट केले आणि नव्या अर्जांचे निकाल आधी लावायला सुरुवात केली. वर्षभरातच नवे अर्ज निम्म्यावर आले. या सुधारणेत भिंत नव्हती. निकाल १८० दिवसांत लागावा असं पुढच्या वर्षी कायद्यातही लिहिलं गेलं. ते वाक्य आजही पुस्तकात आहे. माणसं मात्र त्या वेगानं वाढवली नाहीत.

स्वित्झर्लंडचं उदाहरण मला याहून जवळचं वाटतं. तिथे २०१६ च्या सार्वमतात दोन तृतीयांश लोकांनी आश्रय-सुधारणेला होकार दिला आणि मार्च २०१९ पासून ती लागू झाली. बहुतेक प्रकरणं १४० दिवसांत संपवायची, आणि पहिल्या दिवसापासून अर्जदाराला फुकट वकील. ही वकिलाची अट कोणी चैन समजू नये. अमेरिकेत २०२१ मध्ये काही शहरांत कुटुंबांसाठी वेगळी वेगवान कोर्टं सुरू केली तेव्हा वेग आला, वकील आले नाहीत, आणि अनेकांवर गैरहजेरीतच हद्दपारीचे हुकूम निघाले. वकील असला की कागद पहिल्या खेपेला नीट लागतात, तारखा कमी लागतात, अपिलं कमी होतात. आणि निकाल विरुद्ध गेला तरी आपलं ऐकून घेतलं असं त्या माणसाला वाटतं. हे शेवटचं मी कोर्टाबाहेरच्या बाकावर पाहिलेलं आहे.

या रस्त्यातही खड्डे आहेत. नकार मिळालेल्याला परत पाठवायचं तर त्याच्या देशानं घेतलं पाहिजे, आणि व्हेनेझुएलासारखे देश वर्षानुवर्षं घेत नव्हते. अधिकारी नेमून तयार करायला वेळ जातो, आणि तोवर सीमेवर गर्दी उसळली तर तात्पुरतं दार लावावंच लागेल. ते मी नाकारत नाही. ई-व्हेरिफाय, म्हणजे कामावर घेताना माणसाला कामाची परवानगी आहे का हे तपासणारी सरकारी यंत्रणा, सगळीकडे सक्तीची करण्याचा पर्यायही चांगला आहे, पण शेतमालक आणि बांधकामवाले दोन्ही पक्षांना तो करू देत नाहीत, म्हणून त्यावर फार लिहीत नाही.

तेव्हा तुमच्या मनात सीमेवरची गर्दी हाच एक प्रश्न असेल आणि तो याच वर्षी सुटायला हवा असेल, तर पहिला रस्ता तुम्हाला ते देईल. दहा वर्षांनी हाच प्रश्न पुन्हा नको असेल, तर माझा कल दुसरीकडे आहे. उमेदवार सभेला आले की ‘सीमेबद्दल तुमचं मत काय’ असं विचारू नका, त्याचं उत्तर पाठ असतं. न्यायाधीश किती वाढवणार, ८०० ची मर्यादा काढणार का, आणि पहिल्या मुलाखतीला अर्जदाराशेजारी वकील असेल का, हे विचारा.