दोन तासांत फुल होणारी बॅटरी

नागपुरात मानेवाड्याहून मेडिकलच्या होस्टेलपर्यंत मी रोज दोन वेळा जेवणाचे डबे पोचवते. गाडी बॅटरीवरची, जुनीच आहे. तिच्यातल्या लेड-अ‍ॅसिडच्या चारही बॅटऱ्या फेब्रुवारीत निकामी झाल्या. सगळे म्हणाले, आता लिथियमच टाका. बर्डीकडच्या एका गल्लीतल्या दुकानात २१,५०० रुपये मोजले आणि ४८ व्होल्ट, ३० एएचचा (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती मावतं त्याचं माप) पॅक बसवून घेतला. दुकानाचं नाव लिहीत नाही, तक्रार अजून चालू आहे. शिवाय असं दुकान एकच आहे, असंही नाही.

जुना चार्जर चालेल का, हे मी विचारलं होतं. "तो ठेवून द्या ताई. हा फास्ट चार्जर आहे, दोन तासांत फुल. पॅकसोबत तसाच देऊन राहिलो तुम्हाला." चार्जरच्या स्टिकरवर ४८ व्होल्ट, ६ अँपिअर. पॅकवरही ४८. आकडे जुळले, म्हणून मी निश्चिंत झाले.

घरी आणून लावला तर खरंच दोन तासांत हिरवा दिवा लागला. आधीच्या बॅटऱ्यांना रात्र लागायची. किती बरं वाटलं होतं मला! आणि फसवणूक नेमकी तिथेच होती. ६ अँपिअरचा चार्जर दोन तास चालला तर आत फार तर १२ एएच जातं. ३० एएचच्या रिकाम्या पॅकला त्याच चार्जरने कमीत कमी पाच तास लागायला हवेत, वर शेवटचा सावकाश भरण्याचा टप्पा वेगळाच. म्हणजे चार्जर वेगवान नव्हताच, बॅटरीच लहान होती. हा साधा गुणाकार मला तेव्हा सुचला नाही. तुम्ही तो दुकानातच करा.

एका चार्जिंगमध्ये ६० किलोमीटर सांगितले होते, गाडी २५ च्या आसपास दम टाकायची. विचारायला गेले तर म्हणे, "नवीन आहे न ताई, दहा-बारा चार्जिंग झाले की मोकळी होते." लिथियमचं असं काही नसतं, जे काय द्यायचं ते ती पहिल्या दिवसापासून देते. पण त्या एका वाक्यावर त्याने माझा दीड महिना काढला.

एप्रिलच्या मध्यावर चाळीस मिनिटांतच हिरवा दिवा लागू लागला. एका संध्याकाळी तुकडोजी चौकाजवळ गाडी बंद पडली आणि १८ डबे लटकवून मी ती ढकलत नेली. दुकानदाराने पॅक एक दिवस ठेवून घेतला, "आतल्या बीएमएसचा प्रॉब्लेम होता, सेट केला" म्हणाला आणि ८०० रुपये घेतले. (बीएमएस म्हणजे सेल हद्दीबाहेर भरू न देणारं पॅकमधलं कार्ड.) त्यानंतर चार्जिंग तीन-तीन तास चालू लागलं. मला वाटलं, दुरुस्त झाली.

मे महिन्यातली रात्र. तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडे तेव्हा रात्री अकरालाही भिंती तापलेल्या असतात. गाडी बोळीत चार्जिंगला, पलीकडे सासूबाईंची खाट, अलीकडे गॅसचं सिलिंडर. गोडसर वास आला, नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा. सीट उचलून पॅकच्या पत्र्याला हात लावला आणि लगेच मागे घेतला, इतका तो तापला होता. भिंतीवरचं बटण बंद केलं, गाडी अंगणात ओढली, आधी सासूबाईंना उठवून बाहेर आणलं आणि मग शेजारच्या काकांना हाक मारली. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, मीटर घेऊनच आले.

रात्रभर पॅक उघड्यावर थंड होऊ दिला. सकाळी काकांनी आधी नुसता चार्जर लावून त्याच्या पिनेवर व्होल्टेज मोजलं. ५८.८. मग हातमोजे घालून पॅकचं झाकण काढलं. (हे घरी कुणी करू नका. मीही लांब उभी होते.) आत सेलच्या एकामागे एक १३ ओळी होत्या. "पोरी, ह्या सेलला ४.२ व्होल्टच्या वर न्यायचं नसते. तेरा गुणिले ४.२ म्हणजे ५४.६. हा चार्जर लेडच्या चार बॅटऱ्यांचा, नाहीतर चौदा ओळींच्या पॅकचा. तुझ्या पॅकचा नाहीच."

एकेक ओळ मोजली. एक ४.४१ वर गेलेली, दुसरी ३.९७ वरच अडकलेली. निकेलच्या पट्ट्यांखाली जुन्या वेल्डिंगचे ठिपके दिसत होते, म्हणजे सेल दुसऱ्या पॅकमधून उपटून आणलेले. एका ओळीत ८ सेल. अगदी नव्या, अडीच एएचच्या सेलनेही २०च्या वर गेला नसता, ३० कुठून होणार? आणि "सेट केला" म्हणजे काय केलं होतं, तर चार्जिंगची काळी वायर बीएमएसच्या कार्डावरून काढून सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला डाग मारली होती. बीएमएस चाळीस मिनिटांत चार्जिंग तोडत होता, कारण एखादी कमजोर ओळ तेवढ्यातच हद्दीला पोचायची. तो माझं घर राखत होता. त्यालाच बाजूला काढायचे ८०० रुपये मी दिले. हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

४८ हा आकडा नुसता नावाचा आहे, हे नीट लक्षात ठेवा. लेडच्या चार बॅटऱ्या ४८, तेरा ओळींचा लिथियम पॅक ४८, आणि फॉस्फेटवाला, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या लिथियम सेलचा, सोळा ओळींचा पॅकही लोक ४८चाच म्हणतात. त्याच्या सेलची हद्द ३.६५ व्होल्ट, म्हणून त्याचा चार्जर ५८.४चा. विचारायचं ते हे, की आत सेल कोणते, ओळी किती आणि फुल झाल्यावर व्होल्टेज किती. चार्जरवर आउटपुटचा नेमका आकडा छापलेला नसेल तर घेऊ नका. लिथियमचा बरोबर चार्जर आधी ठरावीक करंट देतो, मग शेवटच्या व्होल्टेजला थांबून करंट हळूहळू कमी करतो. लेडच्या चार्जरचं गणित वेगळं. पॅकचं वजनही करून बघा. ३० एएचसाठी अडीच एएचचे १५६ सेल लागतात आणि नुसते तेच सात किलोच्या आसपास भरतात. माझा अख्खा पॅक, पेटीसकट, सहा किलोही नव्हता.

आता दुसरीकडून पक्क्या बिलावर पॅक घेतला आहे. बिलावर सिरीयल नंबर, सेलचा प्रकार आणि चार्जरचा ५४.६ हा आकडा लिहून घेतला. ५ अँपिअरने सहा तासांच्या वर लागतात, लागू देत. बहुतेक सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत असं सांगतात, म्हणून उन्हातून आल्यावर तासभर गाडी सावलीत ठेवते आणि मगच लावते, तीही अंगणात, जागी असताना.

जुन्या दुकानदाराने आधी "तुम्हीच रात्रभर लावून ठेवली असेल" म्हणून हात झटकले. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर त्याचा फोन आला, ९,००० घ्या आणि मिटवा. मी नाही म्हटलं. माझ्याकडे त्याचं कच्चं बिल आहे, "बॅटरी १ नग" एवढंच लिहिलेलं, आणि काकांनी काढलेले प्रत्येक ओळीचे फोटो. ग्राहक आयोगासाठीचा अर्ज पुतण्या भरून देतो आहे. तो पॅक अजून अंगणाच्या कोपऱ्यात पत्र्याच्या पिंपात, वाळूत ठेवला आहे.