यकृतातली साधी गाठ: कापायची की नुसतं लक्ष ठेवायचं?

पित्ताशयातल्या खड्यांसाठी आईची सोनोग्राफी केली आणि रिपोर्टमध्ये भलतंच निघालं: यकृतात 4 सेंमीची गाठ, हिमँजिओमा. म्हणजे रक्तवाहिन्यांचा गुंता. कॅन्सर नव्हे, आणि पुढे त्याचा कॅन्सर होतही नाही. तरी मामा म्हणालाच, "काढून टाका, कटकट मिटेल."

कटकट मिटते कुठली! ऑपरेशन म्हणजे भूल, रक्तस्रावाचा आणि पित्त गळण्याचा धोका, मग कित्येक आठवडे पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. (कापलेलं यकृत पुन्हा वाढतं, हे मात्र खरं.) लक्ष ठेवायचं तर खर्च फक्त सोनोग्राफीचा, शिवाय रात्री कुशीवर वळताना बरगडीखाली हात दाबून बघण्याचा. आईचं ते अजून चालू आहे. गाठच दुखायला लागली तर ऑपरेशनचा विचार करू. पण दुखणं गाठीचं की खड्यांचं, हे आधी ठरायला हवं.

हा हिशेब अ‍ॅडिनोमाला, म्हणजे यकृतातल्याच दुसऱ्या एका साध्या गाठीला, लावू नका. ती गाठ फुटून पोटात रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित कॅन्सरही. बाईला असेल तर आधी गर्भनिरोधक गोळ्या बंद करून पाहतात. तरी 5 सेंमीहून मोठी राहिली तर काढतात. पुरुषाला असेल तर लहान असली तरी सहसा ऑपरेशनच सुचवतात.