क्लीनर कोळंबी की पिस्तूल कोळंबी?

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये ८० लिटरची रीफ टाकी, म्हणजे जिवंत प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी असेल, तर मी पिस्तूल कोळंबी आणि वॉचमन गोबी या छोट्या माशाची जोडीच घेईन. या कोळंबीला फारसं दिसत नाही. बीळ ती खणते, पहारा गोबी देतो. तिची मिशी सतत त्याच्या अंगाला लागलेली. धोका दिसला की तो शेपूट हलवतो आणि दोघं आत! तासन्‌तास बघत बसावं असं. मात्र खडक आधी काचेच्या तळावर टेकवा, मग ५ सेंटिमीटर वाळू घाला. नाहीतर तिच्या खणण्यानं ते ढासळतात.

क्लीनर कोळंबी समोर वावरते, माशांच्या अंगावरचे परजीवी टिपते, क्लाउनफिशबरोबर छान नांदते. पण प्रवाळाच्या तोंडचा घास पळवते, ते मला खटकतं.

कोळंबी खाणारा हॉकफिश मासा दोघींसोबतही नको. आणि माशांसाठीचं तांब्याचं औषध या टाकीत कधीच घालू नका, कोळंबी मरते.