डी/टू बायोलॉजिकल सोल्यूशन: शेवाळ जातं, पण थंडीत वापरू नका

अमेरिकेच्या व्हरमाँट, मेन या राज्यांकडच्या जुन्या संगमरवरी कबरशिळांवर शेवाळ आणि दगडफूल चढलं असेल, तर डी/टू हे दगड साफ करायचं द्रावण पैसे वसूल करतं. तिथल्या लष्करी दफनभूमींतही ते वापरतात.

आधी शिळा साध्या पाण्याने निथळेपर्यंत भिजवा. कोरडा दगड रसायन आत ओढतो. मग द्रावण फवारा, १०-१५ मिनिटं ओलं राहू द्या, मऊ नायलॉन ब्रशने खालून वर घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. तारेचा ब्रश, प्रेशर वॉशर नकोच. दगडफूल केशरी पडलं तर घाबरू नका. उरलेले डाग काही आठवड्यांत आपोआप फिके होतात. त्याच दिवशी पांढराशुभ्र दगड हवा असेल, तर ही बाटली तुमच्यासाठी नाही. ब्लीच स्वस्त खरं, पण त्याचे क्षार छिद्रांत साठून स्फटिक होताना दगड फोडतात.

खरी मेख हवामानाची. रात्री पारा शून्याखाली जाणार असेल तर काम पुढे ढकला. छिद्रांतलं पाणी गोठून फुगतं नि पापुद्रे सुटतात. आणि बोट फिरवल्यावर साखरेसारखे कण हाताला आले, तर दगड भुसभुशीत झालाय, ब्रशही लावू नका. गंजाच्या डागांवर मात्र या द्रावणाचा काही उपयोग नाही.